वडील आजारी आहेत, हे मुलांना कळू द्या

बँकेच्या परिभाषेत 'आजारी' हा शब्द अतिशय सहजपणे वापरला जातो. आजारी उद्योग, आजारी खाते हे शब्दप्रयोग शाखेत दिवसातून दहा वेळा कानावर पडतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कर्जाचा हप्ता वा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकले म्हणजे खाते अनुत्पादक ठरते, हा नियम व्यापारी वाचकांना ठाऊक असेलच. परंतु अनुभवी अधिकारी नव्वदाव्या दिवसाची वाट पाहत बसत नाही. खात्यातील उलाढाल मंदावली, दरमहा येणारे साठापत्रक उशिरा येऊ लागले, एखादा धनादेश परत गेला, की तो ग्राहकाला बोलावून घेतो आणि काय अडचण आहे, असे विचारतो. दोष कोणाचा, हा विचार नंतरचा. प्रथम खाते सावरायचे असते.

हाच शब्द घरातील कर्त्या पुरुषाच्या मनाला लावायची वेळ आली की मात्र आपली जीभ अडखळते. रक्तदाब, मधुमेह, मणक्यांचे दुखणे यांची चर्चा आपण लग्नाच्या पंगतीतही करतो. 'मला नैराश्याचा आजार आहे आणि मी औषध घेत आहे', असे सांगणारा गृहस्थ मात्र मी अद्याप क्वचितच पाहिला आहे. त्या न बोलण्याची किंमत तो स्वतः मोजतो, त्याची पत्नी मोजते, हे आपल्याला दिसते. शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली, तेरा ते अठरा वर्षांची त्याची मुले काय मोजतात, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आजच्या लेखात त्या मुलांविषयी लिहावयाचे आहे.

प्रथम आजाराविषयी थोडे. धंद्यात खोट आली, जवळचे माणूस गेले, तर मन खिन्न होणे स्वाभाविक आहे. त्याला आजार म्हणत नाहीत. परंतु मनाची उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ टिकले, जोडीला झोप आणि भूक बिघडली, थकवा आला, एकाग्रता सुटली, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले आणि रोजचे काम होईनासे झाले, तर तो वैद्यकीय आजार समजून डॉक्टरांकडे जावे. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढांपैकी साधारण २० जणांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याच्या आजाराने गाठलेले असते. म्हणजे आपल्या कोणत्याही स्नेहसंमेलनात, प्रत्येक दोन-तीन ओळींमागे एक.

पुरुषांत हा आजार पुष्कळदा वेषांतर करून येतो. रडू येण्याऐवजी राग येतो. क्षुल्लक कारणावरून ताट सरकवले जाते, मुलांवर आवाज चढतो. काही जण दुकानात वा कचेरीत रात्रीपर्यंत बसून राहतात, काही मद्याकडे वळतात, काहींना पाठ, डोके, पोट यांच्या न संपणाऱ्या तक्रारी सुरू होतात. घरातील माणसे म्हणतात, 'त्यांचा स्वभावच तसा आहे.' परंतु चार महिन्यांपूर्वी जो स्वभाव नव्हता, तो आता कोठून आला, हा प्रश्न कोणीतरी विचारावयास हवा.

आपल्या घरांतून आणखी एक गल्लत होते. जेवण सुटले तर व्रत म्हणून आणि माणसांत मिसळणे थांबले तर विरक्ती म्हणून तिकडे आदराने पाहिले जाते. व्रत मनुष्य स्वेच्छेने घेतो. त्याला आरंभ असतो आणि पारणेही असते. आजाराने आलेल्या अन्नद्वेषाला पारणे नसते. 'पूर्वकर्माचा उदय' असे म्हणून हात बांधून बसणारे आपण मधुमेहाच्या बाबतीत तसे बसत नाही, हेही ध्यानात घ्यावे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी किंवा दीर्घ उपवास करणाऱ्यांनी औषधांच्या वेळा डॉक्टरांना मोकळेपणाने विचारून घ्याव्यात. नियम आणि औषध यांची सांगड घालणे बहुधा शक्य असते; न विचारता गोळी चुकवणे मात्र घातक ठरते.

आता मुलांकडे वळू. आईच्या नैराश्याचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास गेली कित्येक दशके चालू आहे. वडिलांकडे संशोधकांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील हजारो कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेला एक शोधनिबंध २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाळाच्या जन्मानंतरच्या आठवड्यांत ज्या वडिलांना नैराश्य होते, त्यांच्या मुलांत साडेतीन वर्षांच्या वयात भावनिक आणि वर्तनविषयक अडचणी अधिक आढळल्या. पुढे २०१७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी आयर्लंड आणि ब्रिटनमधील मिळून सुमारे १४ हजार कुटुंबांची माहिती तपासली. मुले सात ते नऊ वर्षांची असताना वडिलांत नैराश्याची लक्षणे असतील, तर तीच मुले तेरा-चौदा वर्षांची झाल्यावर त्यांच्यातही तशी लक्षणे अधिक दिसली. आईला नैराश्य असो वा नसो, वडिलांच्या आजाराचा हा संबंध स्वतंत्रपणे टिकून राहिला, आणि त्याचे प्रमाण आईच्या आजाराच्या परिणामाइतकेच होते.

या निष्कर्षाने घाबरून जाण्याचे कारण नाही. हा संबंध सरासरीचा आहे आणि प्रत्येक मुलाच्या बाबतीत पाहता तो लहान आहे. नैराश्य असलेल्या वडिलांची बहुसंख्य मुले धडधाकट वाढतात. परंतु 'मुलांचे सगळे आई बघते, वडिलांनी कमवून आणले म्हणजे झाले', हा आपला जुना समज मात्र त्यातून खोटा ठरतो. वडिलांचे मन घराच्या हिशेबात असते, ते कोणी मांडो वा न मांडो.

माझ्या परिचयातील एका कुटुंबाची हकिगत, त्या गृहस्थांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे सांगतो. तालुक्याच्या गावी त्यांचे कापडाचे दुकान. वय ४७. मुलगी बारावीला, मुलगा नववीत. सकाळी साडेनऊला उघडणारे दुकान हळूहळू अकराला, मग बाराला उघडू लागले आणि अखेर धाकटे बंधू येऊन ते उघडू लागले. गृहस्थ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहत. विचारणाऱ्याला 'ॲसिडिटीचा त्रास आहे' असे सांगितले जाई, आणि मुलांनाही तेच. काही दिवसांनी दुकानाचे साठापत्रक मुलीच्या अक्षरात येऊ लागले. ते घेऊन शाखेत तीच येई. "काका, अण्णांनी सही केली आहे, एकदा बघून घ्या," एवढेच बोले. बेरजा अचूक, अक्षर नेटके. पाहणाऱ्याला कौतुकच वाटावे, असे तिचे वागणे होते. मुलगा दुसऱ्या टोकाला गेला. संध्याकाळी उशिरापर्यंत तो घरी येईना, शाळेत मारामारी झाली, मुख्याध्यापकांचे बोलावणे आले.

आठ महिन्यांनंतर, जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे दुसऱ्या खेपेस जाताना, 'या वेळी मुलांनाही घेऊन या', असे डॉक्टरांनी सांगितले होते. मुलगी गप्प बसली. मुलगा मात्र एकाएकी म्हणाला, "मला सहामाहीला गणितात कमी मार्क पडले म्हणून अण्णा माझ्यावर ओरडले. त्याच आठवड्यापासून ते दुकानात जायचे थांबले. हे माझ्यामुळंच झालं ना?" वडील त्याच खोलीत बसले होते. पुढे त्यांनी मला सांगितले, "तोवर मी गोळ्या कधी घ्यायचो, कधी टाकून द्यायचो. पोराचं ते बोलणं ऐकलं आणि त्या रात्रीपासून एकही चुकवली नाही."

या एका प्रश्नात किशोरवयीन मुलांची सारी अवस्था सामावलेली आहे. लहान मूल घरातील बदल अंगावर घेते, पण त्याचा अर्थ लावत नाही. प्रौढ माणूस अर्थ लावतो, पण त्याच्याजवळ अनुभव असतो. तेरा ते अठरा या वयात अर्थ लावण्याची बुद्धी येते, अनुभव मात्र नसतो. घरात काहीतरी बिघडले आहे हे मुलाला स्पष्ट दिसते आणि कोणी काही सांगत नाही. मग ते स्वतःच कारण शोधते, आणि हाताशी असलेले सर्वांत जवळचे कारण म्हणजे ते स्वतः. माझे गुण, माझा हट्ट, माझ्या क्लासची फी. ॲसिडिटीची कहाणी सांगणाऱ्या मोठ्यांना वाटते की मुलांना यातून वाचवले. मुलाला मात्र त्या कहाणीतून एवढेच कळते की खरी गोष्ट बोलता येणार नाही इतकी वाईट आहे.

परिणाम मुलांपर्यंत पोहोचण्याच्या वाटा अनेक आहेत. पहिली वाट संवादाची. आजारी वडील मुलाच्या बोलण्याला प्रतिसाद देत नाहीत. क्रिकेटचा सामना, शाळेतील गंमत, गाडी शिकवण्याचे वचन, सारे विरून जाते. दुसरी वाट चिडीची आणि आईवडिलांमधील कुरबुरींची. तिसरी पैशाच्या चिंतेची. मुले फोनवरचे उसनवारीचे बोलणे ऐकत असतात. चौथी आनुवंशिकतेची, आजाराकडे कल वारशाने येऊ शकतो, परंतु तो कल म्हणजे ललाटलेख नव्हे. पाचवी वाट सर्वांत कमी लक्षात येते. घरातील रिकामी झालेली मोठ्या माणसाची जागा मूल भरू लागते.

त्या मुलीने नेमके तेच केले. अशा मुलाला आपण 'गुणी' म्हणतो आणि त्याच्यापुरते निश्चिंत होतो. ते काही मागत नाही, उलट बोलत नाही, धाकट्याचा अभ्यास घेते, वडील झोपले असतील तर सर्वांना हळू बोलायला लावते. त्याला मैत्रिणीकडे जायचे असते ते जात नाही, सहलीचे पैसे मागत नाही. रात्री झोपेत असतानाही त्याचा एक कान वडिलांच्या खोलीकडे असतो. मारामारी करणारा मुलगा निदान मुख्याध्यापकांच्या नजरेस तरी पडतो. गुणी मुलगी कोणाच्याच नजरेस पडत नाही. यास्तव पालकांनी आणि आप्तांनी दोन्ही प्रकारच्या मुलांकडे पाहावे. गुण एकाएकी घसरणे, वारंवार डोके वा पोट दुखणे, झोप न लागणे, मित्र तुटणे, सतत चिडणे या खुणा आहेत. वयाला न शोभणारे अति समंजसपण हीदेखील खूणच आहे.

अमेरिकेतील बॉस्टन येथील बालमानसोपचारतज्ज्ञ विल्यम बिअर्डस्ली यांनी नैराश्य असलेल्या आईवडिलांच्या कुटुंबांत अनेक वर्षे काम केले. अशा घरांतील जी मुले चांगली सावरली, त्यांच्यात एक गोष्ट त्यांना प्रकर्षाने जाणवली. आईला वा वडिलांना आजार आहे आणि तो आपल्यामुळे झालेला नाही, हे त्या मुलांना कळलेले होते. तसेच घराबाहेर त्यांची मैत्री, खेळ, शाळा असे स्वतःचे जग शाबूत होते. यावरून त्यांनी कुटुंबाने एकत्र बसून आजाराविषयी बोलण्याची एक पद्धत आखली, आणि ती पुढे फिनलंडसारख्या देशांतही स्वीकारली गेली. त्या पद्धतीत गूढ असे काही नाही. आधी आईवडिलांशी बोलणे, मग मुलांशी, आणि शेवटी सर्वांनी एकत्र बसून आजाराला त्याच्या नावाने हाक मारणे.

हे आपल्या घरी कसे करावे? वेळ शांत निवडावी. परीक्षेची आदली रात्र नको, भांडणानंतरची घटिका नको. शक्य असेल तर वडील समोर असावेत, त्यांना बोलवत नसेल तर नुसते बसावेत. आईने किंवा विश्वासातील वडीलधाऱ्या माणसाने साध्या शब्दांत सांगावे: "अण्णांना डिप्रेशन नावाचा आजार झाला आहे. ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. या आजारात माणसाला बोलण्याचंसुद्धा ओझं होतं. हे तुमच्यामुळं झालेलं नाही, आणि ते बरं करणं हे तुमचं काम नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत, मी आहे. वेळ लागेल. मनात काहीही आलं तरी मला विचारा." एवढे पुरे आहे. कर्जाचे आकडे, नवराबायकोतील कटुता, डॉक्टरांचे प्रत्येक वाक्य मुलांना सांगण्याची आवश्यकता नाही. आणि हे एकदा सांगून संपत नाही. दोन महिन्यांनी मूल पुन्हा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारील. तेव्हा पुन्हा सांगावे. मूल काहीच न विचारता उठून गेले तरी निराश होऊ नये. त्याने ऐकलेले असते.

सांगणे जितके आवश्यक, तितकेच मुलांवर काय सोपवू नये हे ठरवणेही आवश्यक. वडिलांनी गोळी घेतली की नाही, यावर पाळत ठेवण्याचे काम मुलाला देऊ नये. औषधांची पेटी मोठ्या माणसाच्या ताब्यात असावी. 'आजोबांना सांगू नकोस', 'मावशीला कळू देऊ नकोस' अशा गुपितांचे गाठोडे त्याच्या डोक्यावर ठेवू नये. निदान एक काका, एक मामा, एक शिक्षक असा असावा की ज्याच्याशी ते मोकळेपणाने बोलू शकेल. आणि बँक, वीजबिल, दुकानाचा हिशेब ही कामे बारावीच्या मुलीची नव्हेत. येथे माझ्या व्यवसायातील दोन गोष्टी सांगतो. घरगुती बचत खाती पतिपत्नीपैकी कोणालाही चालवता येतील अशी संयुक्त असावीत. व्यवसायाचे खाते एकट्या गृहस्थाच्या नावे असेल, तर पत्नीला किंवा बंधूला व्यवहाराचे अधिकारपत्र वा मुखत्यारपत्र वेळीच द्यावे. हप्ते थकू लागले असतील, तर आधीच शाखेत जाऊन परिस्थिती सांगावी. हप्त्यांची फेरमांडणी मागण्यास पहिला महिना तिसऱ्या महिन्यापेक्षा निश्चितच बरा.

मुलांसाठी करता येण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट मात्र वडिलांचे उपचार हीच आहे. अमेरिकेत १५१ माता आणि त्यांची ७ ते १७ वर्षांची मुले यांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आईच्या नैराश्यावर औषधोपचार सुरू झाले. मुलांवर स्वतंत्र काही केले नव्हते. तीन महिन्यांत ज्या माता पूर्ण बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांतील मानसिक तक्रारींचे प्रमाण घटले. ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांत ते वाढले. तो अभ्यास मातांचा होता, हे खरे. पण पालक बरा होणे हे मुलाच्याही प्रकृतीला मानवते, हे समजण्यास तो पुरेसा आहे. 'आधी मुलीची बारावी होऊ द्या, मग माझे बघू', असे म्हणणाऱ्या प्रत्येक पित्याने यावर विचार करावा. मुलीच्या बारावीसाठीच त्याने आज डॉक्टरांकडे जावयास हवे.

उपचारांविषयीचे काही गैरसमजही दूर व्हावयास हवेत. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांचा गुण दिसू लागण्यास साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून त्या टाकून देऊ नयेत. या गोळ्यांची व्यसनासारखी चटक लागत नाही. परंतु त्या एकाएकी बंद केल्यास त्रास होऊ शकतो. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सहसा निदान सहा महिने त्या चालू ठेवावयास सांगतात. सौम्य आजारात समुपदेशनानेच गुण येतो, पुष्कळांना दोन्हींची गरज असते. नित्य चालणे, ठरावीक वेळी झोपणे, उजेडात बसणे यांनी उपचारांस हातभार लागतो. या आजारात सुधारणा सरळ रेषेत होत नाही. चार दिवस बरे, दोन दिवस वाईट असे चालते. मुलांना हेही सांगून ठेवावे. नाहीतर एका वाईट दिवसाने त्यांची सारी आशा ढासळते.

खर्चाविषयी एक शब्द. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच वैद्यकीय विम्याची तरतूद करणे बंधनकारक आहे. बाह्यरुग्ण तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या यांचा खर्च मात्र बहुतेक साध्या पॉलिसींत मिळत नाही. प्रस्ताव भरताना आजार लपवू नये. लपवलेल्या माहितीवरून दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. खाजगी तज्ज्ञ परवडत नसतील, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक घरातील मोठ्यांप्रमाणे मुलांनाही ठाऊक असावा. पंधरा वर्षांचे मूलही तेथे फोन करू शकते.

ज्याविषयी बोलणे सर्वांत जड जाते, ते आता बोलू. आपल्या देशात २०२२ साली १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्यांची नोंद झाली, आणि दर दहांत सुमारे सात पुरुष होते. 'माझ्यावाचून तुमचे बरे चालेल', 'आता सगळे आवरून ठेवले आहे', अशी वाक्ये वडिलांच्या तोंडून आली, तर ती मनाचा हळवेपणा म्हणून सोडून देऊ नयेत. 'जीव नकोसा वाटतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. त्या काळात त्यांना एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि साठवलेली औषधे घरातून हलवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मुलांना आवर्जून सांगावे की असे काही कानावर पडले तर ते लपवून ठेवायचे नाही. लगेच मोठ्या माणसाला सांगायचे, ही चहाडी नव्हे. त्यानंतरची जबाबदारी मोठ्यांची, हेही त्याच दमात सांगावे. 'माझे लक्ष होते म्हणून अण्णा वाचले' किंवा 'माझे लक्ष नव्हते', यांपैकी कोणतेही वाक्य मुलाने जन्मभर वागवावे, असे नाही.

आप्तांनी काय करावे? कृपा करून मुलाला कोपऱ्यात घेऊन 'बाबांचे नक्की काय चालले आहे?' असे विचारू नये. 'आता तूच घराचा आधार', हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते. चौदा वर्षांच्या खांद्यांवर ते पोत्यासारखे पडते. त्याऐवजी रविवारी त्याला मैदानावर न्यावे. प्रवेशाचा अर्ज भरायचा असेल, तर सोबत रांगेत उभे राहावे. मुलीला चार दिवस आत्याकडे राहू द्यावे आणि त्या चार दिवसांत तिच्या आईकडे कोणीतरी मुक्कामाला जावे. आजारी गृहस्थाच्या पत्नीला विसावा मिळाला, तर तोही मुलांच्या पदरात पडतो; एक पालक झाकोळलेला असताना दुसऱ्याचे मन थाऱ्यावर असणे, हाच त्यांचा मोठा आधार असतो. वर्गशिक्षकांना 'घरी आजारपण आहे' एवढे सांगून ठेवावे. समंजस शिक्षक त्या वर्षी मुलाला निराळ्या नजरेने पाहतात.

त्या कापड दुकानदारांविषयी वाचक विचारतील. त्यांना बरे होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. मधे एकदा आजार उलटलाही. दुकान आज चालू आहे, पूर्वीपेक्षा लहान. मुलीचे डॉक्टर होण्याचे स्वप्न त्या बारावीच्या गुणांबरोबर गेले. तिने फार्मसीला प्रवेश घेतला, आणि ती त्याविषयी कडवटपणे बोलत नाही. पण डॉक्टरांनी दोघा भावंडांना बोलावले, त्या रात्री कित्येक महिन्यांनी आपल्याला गाढ झोप लागली, असे तिने आपल्या आईला सांगितले. तोवर वडिलांच्या प्रकृतीत काडीचाही फरक पडला नव्हता. फरक एवढाच पडला होता की जे तिला ठाऊक होते, ते आता घरातील सर्वांना ठाऊक होते.

हा लेख वाचणाऱ्यांत काही पिते असे असतील, की ज्यांना यातील वर्णन परके वाटले नसेल. त्यांना नम्रपणे एवढेच सुचवावेसे वाटते. मुलांसमोर आपण दुबळे दिसू, ही आपली भीती मी समजू शकतो. पण मुलांनी आपल्याला आधीच पाहिलेले आहे. बंद दाराबाहेरून, रोज पाहिलेले आहे. आता त्यांना जे पाहावयास मिळायचे आहे, ते म्हणजे आजारी पडलेला माणूस ते मान्य करून मदत घेतो कसा. त्यांच्याही आयुष्यात पुढे कठीण दिवस येतील. त्या दिवशी त्यांनी कोणाला हाक मारावी, की भिंतीकडे तोंड करून पडावे, हे ती बहुधा आपल्याकडेच पाहून ठरवतील. तेव्हा उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घ्यावी. आणि जेवताना, फार नाही, एक वाक्य मुलांना सांगावे.